छपाईचा शोध नेमका कोणाचा?

प्रश्न: शाळेपासून गुटेनबर्गचंच नाव ऐकत आलो. पण कोरियातलं ‘जिकजी’ हे बौद्ध पुस्तक धातूच्या खिळ्यांनी (म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांनी) १३७७ मध्ये छापलं, गुटेनबर्गच्या बायबलाच्या पाऊणशे वर्षं आधी! मग मान गुटेनबर्गलाच का?

उत्तर १: अजून मागे जा. चीनमध्ये बी शंगने १०४० च्या दशकात भाजक्या मातीचे सुटे खिळे केले. शन क्वो या चिनी विद्वानाने ते लिहून ठेवलं, नाहीतर एवढा मोठा कारागीर विस्मरणातच गेला असता.

उत्तर २: नेदरलँड्समधले हार्लेमवाले छपाईचा जनक म्हणून आपल्या गावच्या कॉस्टरचं नाव पुढे करतात. समकालीन पुरावा शून्य.

उत्तर ३: सुटे खिळे आशियाचे, यात वाद नकोच. पण दाबयंत्र, तेलाची शाई आणि धातूचे खिळे यांची सांगड जर्मनीतल्या माइन्झमध्ये गुटेनबर्गने घातली. ते श्रेय मी त्यालाच देईन.