मायक्रोमीटर शून्यावर बरोबर, पुढे मात्र चुकतोय! मदत हवी आहे

०–२५ मिमीचा मायक्रोमीटर (स्क्रू फिरवून बारीक मापं घेण्याचं साधन) स्लिप गेजवर (अचूक ठरलेल्या जाडीचे ठोकळे) तपासतोय, लीस्ट काउंट (वाचता येणारं सर्वांत लहान माप) ०.००१ मिमी. ॲन्व्हिलला (स्थिर टोकाला) स्पिंडल (स्क्रूने सरकणारा दांडा) टेकवलं की शून्य अगदी चोख. पण १० मिमीच्या गेजवर १०.००४ आणि २० मिमीवर २०.००८ दिसतं. दर वेळी तेच, म्हणजे रिपीटेबिलिटी उत्तम, ॲक्युरसीची बोंब! मापाबरोबर चूक वाढतेय, म्हणून झिरो एरर (शून्यच सरकल्याने सगळीकडे सारखी येणारी चूक) नसावी. खोलीचं तापमान ३० अंश आहे; संदर्भ तापमान २० अंश असतं हे माहीत आहे. पण गेज आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादी, दोन्ही सारखेच प्रसरण पावणार ना? मग दोष स्क्रूच्या पिचमध्ये (एका फेऱ्यात तो जितका सरकतो त्या अंतरात) समजायचा का? दाब सारखा राहावा म्हणून रॅचेटच (ठरावीक दाबानंतर घसरणारी मूठ) वापरतो, गेज पुसूनच घेतो. दुरुस्ती शक्य आहे, की करेक्शन टेबल लावून वापरू?