दगडांवर चालवायची गाडी: ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल बसवावा का?

दगडवाट
माझं मत सरळ मांडतो, पटलं नाही तर खोडून काढा. गाडी खरोखर दगडधोंडे आणि खड्या उतारांवर न्यायची असेल, तर ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल गिअरबॉक्स बसवण्याचा खटाटोप करण्यासारखा आहे. उदाहरणाला जीप चेरोकी एक्सजे घेऊ, ४.० लिटर इंजिनची. या गाडीत कंपनीनेच दोन्ही प्रकार दिले होते: चार गिअरचा ऑटोमॅटिक एडब्ल्यू४ आणि पाच गिअरचा मॅन्युअल एएक्स-१५. म्हणजे भाग मूळचेच मिळतात, काही घडवून घ्यावं लागत नाही.

माझ्यासाठी सगळा प्रश्न उताराचा आहे. लो रेंज (फोर बाय फोरचा हळू पण जास्त ताकदीचा टप्पा), पहिला गिअर, दोन्ही पाय पेडलवरून काढलेले, आणि इंजिन गाडीला धरून ठेवतंय. ब्रेकला हात लावायचा नाही, म्हणजे चाक लॉक होऊन घसरत नाही. ऑटोमॅटिकमध्ये मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो, तो तेलातून ताकद पोचवतो, त्यामुळे पकड सैल पडते. त्यात एडब्ल्यू४ च्या पहिल्या गिअरचं गुणोत्तर २.८०, तर एएक्स-१५ चं ३.८३. ट्रान्सफर केसची (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) लो रेंज २.७२ आणि ॲक्सल ४.१० धरली, तर ऑटोमॅटिकला एकूण सुमारे ३१ आणि मॅन्युअलला सुमारे ४३ मिळतात, म्हणजे चाकाच्या एका फेरीला इंजिनच्या इतक्या फेऱ्या. हा फरक उतारावर बसल्या जागी कळतो.

पाना_सतरा
हिशेब बरोबर, पण अर्धाच मांडलात. कन्व्हर्टर नुसता सैल पडत नाही, गाडी जागची हलताना तो टॉर्क वाढवतो, साधारण दुपटीपर्यंत. म्हणजे चढणीवर सुरुवातीच्या क्षणी तुमच्या ३१ चे ६० च्या आसपास होतात. पुढचं चाक पायरीसारख्या दगडाला टेकलंय असं समजा. ऑटोमॅटिकमध्ये डाव्या पायाने ब्रेक धरायचा, उजव्याने हळूहळू रेस वाढवायची, मग ब्रेक इंच इंच सोडायचा. चाक दगडावर चढतं आणि वर पोचल्यावर गाडी पुढे झेपावत नाही. तेच मॅन्युअलमध्ये एक तर इंजिन बंद पडतं, नाही तर हाफ क्लच करून क्लच प्लेट जाळायची. कन्व्हर्टर तापला तर तेल बदलता येतं. प्लेट जळली तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो.

वाळूवाला
वाळूत चालवणाऱ्यांनी या भानगडीत पडूच नये. मऊ वाळूत गिअर बदलायला क्लच दाबला की गाडीचा वेग तिथेच मरतो आणि चाकं रुततात. ऑटोमॅटिक वेग तुटू देत नाही. माझ्यापुरता विषय संपला.

दगडवाट
@वाळूवाला, वाळूबद्दल पूर्ण सहमत. मी दगडांचं बोलतोय.

@पाना_सतरा, इंजिन बंद पडलं तर काय, याचं उत्तर आहे. गाडी पहिल्या गिअरमध्येच ठेवायची, क्लच न दाबता चावी फिरवायची. लो रेंजमध्ये स्टार्टरच गाडीला थोडं पुढे ओढतो आणि इंजिन तिथल्या तिथे सुरू होतं. गाडी एक बोटभरही मागे येत नाही. टोयोटाने आपल्या काही फोर बाय फोर गाड्यांत यासाठी डॅशबोर्डवर वेगळं बटणच दिलं होतं, क्लच न दाबता स्टार्टर चालावा म्हणून.

आणि तेल बदलता येतं म्हणता, पण ते तापतं कधी? वेग कमी, भार जास्त, रेडिएटरला वारा नाही. म्हणजे नेमकं दगडांवर.

निशा_फोरबायफोर
उष्णतेचा मुद्दा खरा आहे. त्यावर उपाय गिअरबॉक्स बदलणं नाही, पंखा लावलेला वेगळा ऑइल कूलर आणि तापमानाचा मीटर बसवणं आहे. एका दुपारचं काम.

आता ताब्याचं बोलू. दगडवाट, तुम्हाला हवा तो गिअर हवा तितका वेळ धरून ठेवायचाय ना? एडब्ल्यू४ ला स्वतःचा वेगळा कॉम्प्युटर आहे, इंजिनच्या कॉम्प्युटरपासून स्वतंत्र. त्याचा प्लग काढला तरी गिअरबॉक्स चालतो: लिव्हर १-२ वर ठेवला की पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा. सोलेनॉइडना (गिअर बदलणाऱ्या विजेच्या झडपांना) स्विच जोडले की दुसराही हाताने मिळतो. मनात येईल तेव्हा पहिला, आणि तो आपणहून वर जात नाही. हे सगळं गाडीच्या पत्र्याला भोक न पाडता!

आणि गुणोत्तर कमी वाटत असेल तर ४:१ ची लो रेंज बसवा. २.८० गुणिले ४ गुणिले ४.१० म्हणजे जवळपास ४६. तुमच्या मॅन्युअलच्या ४३ पेक्षा जास्त, आणि कन्व्हर्टरचा फायदा वर. रेंच हातात धरायचाच असेल तर तिथे धरा.

दगडवाट
निशाताई, स्विचची युक्ती चांगली आहे, ज्याला गाडी उघडायची नाही त्याने आधी हेच करावं. पण ४:१ ची लो रेंज मॅन्युअललाही बसते. मग ३.८३ गुणिले ४ गुणिले ४.१०, जवळपास ६३ होतात. त्यात क्लच सोडला की गाडी माणसाच्या चालण्यापेक्षाही हळू जाते, आणि पाना_सतरा म्हणतात तसा पायरीवर हाफ क्लच करायची वेळच येत नाही. कन्व्हर्टरची दुप्पट फक्त जागचं हलताना मिळते, वेग आला की ती गेली. गुणोत्तर मात्र चढतानाही असतं आणि उतरतानाही. तुमच्या ४६ ला उतारावर कन्व्हर्टरची काडीची मदत नाही.

पाना_सतरा
उताराचं मान्य. पण नवख्या माणसाला हे वाचून वाटेल की गिअरबॉक्स उतरवला, दुसरा चढवला, झालं. खरं काम बाकीच्या गोष्टींत आहे, आणि लोक अर्धवट सोडतात ते त्यामुळेच.

ग्रीसचे_हात
पाना_सतरांशी सहमत, जरी मी स्वतः मॅन्युअलच्या बाजूचा आहे. ज्यांना करायचंच आहे त्यांच्यासाठी लिहितो.

सुटे भाग गोळा करत बसू नका. मॅन्युअल असलेली अख्खी भंगार गाडी मिळवा, शक्यतो तुमच्याच सालाच्या आसपासची. पेडलांचा संच, क्लचचा मास्टर सिलिंडर, बेलहाउसिंग (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं कवच), फ्लायव्हील (इंजिनच्या मागची जड चकती), गिअर लिव्हर, क्रॉसमेंबर (गिअरबॉक्सखालचा आधाराचा आडवा पट्टा), प्रोपेलर शाफ्ट (चाकांकडे ताकद नेणारा दांडा) हे सगळं एकाच गाडीतून आलं तर निम्मी डोकेदुखी जाते. गिअरबॉक्सची लांबी वेगळी म्हणून प्रोपेलर शाफ्ट मोजल्याशिवाय बसवू नका. ट्रान्सफर केसच्या इनपुटचे दात मोजा, ते नव्या गिअरबॉक्सशी जुळले पाहिजेत; जुन्या एडब्ल्यू४ ला २१ आणि नंतरच्यांना २३ असतात.

फ्लायव्हीलकडे नीट बघा. ४.० च्या इंजिनमध्ये क्रँकचा (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याचा) सेन्सर बेलहाउसिंगवर असतो आणि फ्लायव्हीलच्या कडेच्या खाचा वाचतो. चुकीच्या खाचांचं फ्लायव्हील बसवलं तर स्टार्टर फिरत राहील, ठिणगी येणार नाही, आणि तुम्ही गाडीतल्या फ्युएल पंपाला दोष देत बसाल. क्रँकच्या टोकाला पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक धरणारं) ठोकायला विसरू नका, ऑटोमॅटिकच्या इंजिनात ते नसतं.

आणखी एक, एएक्स-१५ दोन प्रकारे मिळतो. १९९३ पर्यंतच्यात क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडल दाबल्यावर क्लच ढकलणारा) बेलहाउसिंगच्या आत असतो, १९९४ पासून बाहेर. बाहेरचाच घ्या. आतला गळायला लागला तर गिअरबॉक्स पुन्हा खाली.

वायरिंगमध्ये ऑटोमॅटिकचा न्यूट्रल स्विच (गिअरमध्ये असताना स्टार्टर चालू न देणारा) क्लच पेडलच्या स्विचला जोडायचा, नाही तर गाडी स्टार्टच होणार नाही. रिव्हर्सच्या दिव्याची वायर नव्या गिअरबॉक्सच्या स्विचवर न्यायची.

निशा_फोरबायफोर
@ग्रीसचे_हात, आणि ज्यांच्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर एकच आहे त्यांनी? तिथे तो कॉम्प्युटर गिअरबॉक्स शोधत राहतो, बिघाडाचे कोड टाकतो, कधी इंजिनची ताकदच आवळून धरतो. एक्सजे हे सगळ्यात सोपं उदाहरण आहे. त्यावरून इतर गाड्यांचा निर्णय कुणी घेऊ नये.

ग्रीसचे_हात
बरोबर ताई. तशी गाडी असेल तर मॅन्युअलचाच कॉम्प्युटर आणि त्याचं वायरिंग सोबत काढून आणायचं, आणि तो चोरीविरोधी चावीशी जुळवून घेता येतो का हे गिअरबॉक्स विकत घ्यायच्या आधी विचारायचं. ते जमत नसेल तर तुमचे स्विच आणि कूलर हाच मार्ग.