आठवीला झेडपीचं हायस्कूल, अनुभव सांगा प्लीज

मुलगी सातवी पास झाली, आता गावातल्याच झेडपी हायस्कूलला घालायचं माझ्या मनात आहे, सेमी इंग्लिश पण आहे, पण सासरे म्हणतात तालुक्याला प्रायव्हेटमध्येच टाका. कोणाची मुलं शिकलीत का अशा शाळेत?

— ताई, माझा मुलगा असल्याच शाळेतून दहावी झाला. आठवीपर्यंत पुस्तकं आणि पोषण आहार फुकट, नववीपासून पुस्तकं आपली आपण घ्यायची. शिकवणं चांगलं होतं, पण नववीत सायन्सचे सर बदलून गेले आणि कितीतरी महिने जागा रिकामीच, पोरांचे फार हाल झाले. म्हणून आधी गणित-विज्ञानाला शिक्षक आहेत का ते विचारा, बिल्डिंग नंतर बघा.

— मी स्वतः झेडपीची विद्यार्थिनी. आठवीत एनएमएमएसची, म्हणजे केंद्र सरकारच्या स्कॉलरशिपची परीक्षा नक्की द्यायला लावा, सरकारी, झेडपी-नगरपालिका आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच बसता येतं, विनाअनुदानित प्रायव्हेटवाल्यांना नाही. उत्पन्न साडेतीन लाखाच्या आत पाहिजे, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. माझी अकरावी-बारावीची फी त्यातूनच निघाली, बाईंनी शाळा सुटल्यावर थांबून तयारी करून घेतली होती, त्यांचे उपकार विसरणार नाही.

— मुलींचं टॉयलेट बघून या, पाणी येतं का तेही. मधल्या सुट्टीतच जा.