मदत हवी आहे: बाळ पाच महिन्यांचं, नोकरी पुन्हा सुरू, तुम्हाला कशाने बरं वाटायचं?

कामावर परत जाऊन तीन आठवडे झाले. बाळ रात्री अजून दोन-तीनदा उठतं. घरचे मदत करतात, पण दूध पाजायला मलाच उठावं लागतं. सकाळी आरशात बघते तेव्हा डोळे सुजलेले असतात.

मोठे उपाय नकोत, ते सगळे वाचून झाले. छोट्या छोट्या गोष्टी हव्या आहेत. मला स्वतःला एक सापडली आहे. रात्री झोपताना थर्मासमध्ये गरम पाणी भरून उशाशी ठेवते. तीनच्या सुमारास बाळ मांडीवर दूध पीत असतं, बाहेर सगळं शांत, आणि मी ते पाणी घोट घोट पीत बसते. पाजताना तहानही फार लागते. त्या दहा मिनिटांत खरंच बरं वाटतं. शाल हाताशी असली की आणखीनच.

दिवसाचं मात्र जमत नाही. ऑफिसमध्ये पंप करायला बसले की डोक्यात कामच फिरत असतं आणि दूध नीट उतरत नाही. बाळाचा फोटो बघितला की थोडा फरक पडतो. काढलेलं दूध फ्रिजमध्ये 4 दिवस टिकतं, त्यामुळे ती काळजी नाही. पण ती वीस मिनिटं निवांत कशी घालवायची?

आणि घरी आल्यावर बाळाला घेण्याआधी पाच मिनिटं स्वतःसाठी कुणी काढतं का? मला फार अपराधी वाटतं. बाबा लोकांनीही सांगा, प्लीज.