टेक्सास: सहावीच्या अ‍ॅडव्हान्स्ड गणितात आलेली मुलं टिकवायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. अमेरिकेत शाळांमध्ये शिकवणारे किंवा शाळेच्या समित्यांवर काम केलेले कुणी इथे असतील तर सल्ला हवा आहे.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या एका उपनगरात राहतो. मुलगी आठवीत आहे आणि तिच्या मिडल स्कूलच्या सल्लागार समितीवर यंदा पालक म्हणून मी आहे. आमच्या हायस्कूलच्या एपी (शाळेतच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) कॅल्क्युलसच्या वर्गात आडनावं बघाल तर रेड्डी, शहा, कुलकर्णी, चेन. स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली मुलं शाळेत भरपूर आहेत, त्या वर्गात मात्र ती शोधावी लागतात. बारावीत त्यांना कुणी अडवत नाही. पण कॅल्क्युलसला बसायचं तर आठवीत अल्जिब्रा वन, नववीत जॉमेट्री, दहावीत अल्जिब्रा टू, अकरावीत प्रीकॅल्क्युलस अशी रांग लागते आणि ती सुरू होते सहावीच्या अ‍ॅडव्हान्स्ड गणितापासून. म्हणजे अकरा वर्षांच्या पोराचा निकाल तेव्हाच लागून जातो. पूर्वी त्या वर्गात जायला शिक्षकांची शिफारस लागायची, नाहीतर पालकांचा पाठपुरावा. पाठपुराव्यात आपली मंडळी कुणाला हार जात नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको.

२०२३ मध्ये टेक्सासने कायदा केला. पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेलं मूल सहावीत आपोआप अ‍ॅडव्हान्स्ड वर्गात जातं. नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. मला हा कायदा मनापासून पटला. आमच्याकडे वर्ग खरंच बदलले.

अडचण पुढची आहे. नवीन आलेल्या मुलांतली बरीचशी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबर अखेरच्या आतच साध्या वर्गात परत जातात. सहावी-सातवीच्या दोन वर्षांत तीन इयत्तांचं गणित उरकायचं असतं. आपली पोरं कुमॉनच्या शिकवणीला जाऊन ते आधीच घोटून आलेली असतात, आणि बाई त्यांच्या वेगाने पुढे सरकतात. मग एखाद्या मुलाला दोन चाचण्यांत कमी मार्क पडले की कौन्सेलर घरी फोन करते, ‘मुलाला ताण होतोय, नेहमीच्या वर्गात टाकू का?’ हॉटेलात पाळीवर असलेली आई शाळेवर विश्वास ठेवून हो म्हणते. फॉर्म इंग्रजीतच. मुलाच्या पुढच्या सहा वर्षांचं त्यात काय चाललंय ते तिला कुणी सांगतच नाही.

दुसरी डोकेदुखी आपल्याच लोकांची. रविवारच्या मराठी शाळेबाहेर गाठून दोघातिघांनी ऐकवलं की वर्गाची पातळी घसरेल, तू कुणाच्या बाजूने आहेस? कारण मला कळतं. १९९७ च्या कायद्यामुळे इथे हायस्कूलमधल्या वरच्या १० टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळतो, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात तर त्याहून कमी टक्क्यांना. एपीचे मार्क जास्त वजनाने धरले जातात, म्हणून वर्गात वाढलेलं प्रत्येक मूल म्हणजे रँकला एक स्पर्धक. कारण कळलं तरी ते समितीपुढे मांडायला मला लाज वाटते.

तर विचारायचं असं: मुलं टिकवण्यासाठी तुमच्या शाळेत काय चाललं? आणि समितीपुढे आकडे मागायचे तर नेमके कोणते?

– शेवंती_टेक्सास

खडूफळा: मी नॉर्थ कॅरोलिनात हायस्कूलला गणित शिकवते. आमच्याकडे २०१८ पासून असाच कायदा आहे. राज्याच्या परीक्षेत सर्वांत वरची पातळी मिळालेल्या मुलाला अ‍ॅडव्हान्स्ड गणित द्यावंच लागतं आणि पालकांच्या लेखी संमतीशिवाय काढता येत नाही. फोनवरचं ‘हो’ चालत नाही. तुमच्या डिस्ट्रिक्टला (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेला) हा नियम स्वतःहून करायला कोण अडवतंय? सोबत एवढंच मागा की कागद स्पॅनिशमध्ये हवा आणि ‘हा वर्ग सोडल्यास बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचणं अवघड’ हे वाक्य त्यात ठळक हवं.

टिकवण्याचं म्हणाल तर शाळा सुटल्यावरच्या शिकवणीला ही मुलं थांबत नाहीत, कारण परतीची बस निघून जाते. धाकटी भावंडंही सांभाळायची असतात. शाळेच्या वेळातच गणिताचा जादा तास मिळाला तर फरक पडतो. त्यापायी एखादा ऐच्छिक विषय जातो, पोरं कुरकुरतात.

माझंही_मत: मी त्या ‘दोघातिघां’मधलाच समजा. ४० टक्के म्हणजे फार झाले. तयारी नसलेल्या मुलाला ढकलून त्याचंच नुकसान होतं. लॉस एंजेलिसच्या गार्फिल्ड हायस्कूलमध्ये गरीब वस्तीतल्या मुलांना कॅल्क्युलस शिकवणाऱ्या एस्कलांटे सरांसारखा शिक्षक प्रत्येक शाळेला मिळत नसतो.

खडूफळा: एस्कलांटेंचं नाव काढलंत ते बरं झालं. सगळ्यांना १९८२ ची एपी कॅल्क्युलस परीक्षा माहीत असते: त्यांच्या १४ मुलांवर कॉपीचा संशय घेतला, त्यातली १२ पुन्हा बसली आणि सगळी पास झाली. पण १९७९ चा त्यांचा पहिला कॅल्क्युलस वर्ग पाच जणांचा होता आणि त्यातली दोनच पास झाली होती. पुढे त्यांनी खालच्या वर्गांपासून मुलं तयार केली, उन्हाळी वर्ग चालवले. तयारी नाही म्हणता, तर ती करून घ्यायची जागा सहावीच आहे.

रात्रपाळी: आकड्यांबद्दल. केंद्राच्या शिक्षण खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे शाळावार माहिती असते. आठवीत अल्जिब्राला किती, एपीला किती, मुलगे-मुली आणि वंशानुसार, सगळं जालावर फुकट बघता येतं. ते जुनं असतं, म्हणून डिस्ट्रिक्टकडून यंदाचे तीन आकडे मागा: किती मुलं पात्र ठरली, किती ऑगस्टला वर्गात होती, किती मे महिन्यात उरली. प्रत्येक मिडल स्कूलचे वेगळे मागा, सरासरी घेऊ नका.

हायस्कूलबद्दलही एक. एपी परीक्षा मे महिन्यात असली तरी नोंदणी नोव्हेंबरच्या मध्यालाच संपते. फी सुमारे १०० डॉलर. गरीब घरांना सवलत आहे, पण ती शाळेच्या एपी समन्वयकाने नोंदवावी लागते. शिवाय पीएसएटी या हायस्कूलमधल्या चाचणीच्या मार्कांवरून कुठलं मूल कुठल्या एपीत निभावेल याची यादी कॉलेज बोर्ड (एपी आणि पीएसएटी घेणारी संस्था) शाळेला देतं. प्राचार्यांना विचारा, ती यादी शेवटची कधी उघडली होती.

शेवंती_टेक्सास: खडूफळा, रात्रपाळी, खूप आभार. लेखी संमतीचा मुद्दा आणि ते तीन आकडे पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत घालायला आजच मेल करते. माझंही_मत, तुम्ही याच भागात असाल तर बैठकीला या, ती सगळ्यांना खुली असते. खडूफळा, तुमच्याकडच्या संमतीपत्राचा कोरा नमुना मिळेल का? स्पॅनिश भाषांतरासाठी इथल्या चर्चमधल्या एका ताईंनी होकार दिलाय.