पहिली सुचलेली चाल खेळावी की थांबावं?

अडीचघर
सहा वर्षं जलद बुद्धिबळाच्या स्पर्धा खेळतोय. पंधरा मिनिटं, वर प्रत्येक चालीला दहा सेकंद. गेल्या स्पर्धेतला पाचव्या फेरीचा डाव अजून डोक्यातून जात नाही. माझी पांढरी मोहरी होती. प्यादं ई५ वर (पटावरच्या घरांना अक्षर आणि आकड्याने अशी नावं असतात), त्यामुळे समोरच्याच्या घोड्याला एफ६ सोडून ई८ वर जावं लागलेलं. त्याचं कॅसलिंग, म्हणजे राजा कोपऱ्याकडे हत्तीच्या आड नेणं, झालेलं आणि माझा उंट डी३ वरून थेट एच७ वर रोखलेला. हे चित्र शेकडो वेळा पाहिलंय: उंट एच७ वर बळी द्यायचा, राजाने तो घेतला की घोड्याने जी५ वरून शह, मग वजीर एच५ वर आणून एच७ वर मातीची धमकी. हात आपोआप गेला. घड्याळात नऊ मिनिटं शिल्लक होती आणि मी चार सेकंदांत उंट देऊन मोकळा झालो.

वजीर एच५ वर ठेवला, तर त्याने सी८ वरचा उंट एफ५ वर आणला. एच७ राखलं गेलं, हल्ला तिथेच संपला. एरवी या रचनेत ई६ वर काळं प्यादं असतं आणि ते त्या उंटाची वाट अडवतं. इथे ते कधीच डी५ वर मारामारी करून गेलं होतं. पट माझ्यासमोरच होता, तरी मला ते प्यादं ई६ वर असल्यासारखंच वाटत राहिलं.

सातव्या फेरीत बरोबर उलटं झालं. पहिल्या क्षणी सुचलेली चाल मी भीतीने बाजूला ठेवली, तीन मिनिटं हिशेब केला, दुसरीच खेळलो. घरी तपासलं तर पहिलीच बरोबर होती.

मग विश्वास कशावर ठेवायचा? आणि डाव ओळखीच्या वाटेवरून सरकला तरी माझं मन जुन्याच बेताला चिकटून राहतं, ते कसं सोडवायचं?

शांतपट
तुझा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आपण ज्याला आतला आवाज म्हणतो ती बहुतेक वेळा ओळख असते. १९७३ साली चेस आणि सायमन या संशोधकांनी खऱ्या डावातली स्थिती खेळाडूंना काही सेकंदच दाखवली. तरबेज खेळाडूने ती नवख्यापेक्षा कितीतरी चांगली आठवून मांडली. तीच मोहरी पटावर कशीही विखुरली, तेव्हा त्याची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे स्मरणशक्ती दांडगी होती असं नाही, त्याच्याकडे रचनांचा साठा होता. तुझ्याकडेही तो आहे, म्हणूनच सातव्या फेरीत चाल लगेच सुचली.

पण हाच साठा डोळ्यांवर पट्टीही बांधतो. २००८ साली बिलालिच, मॅक्लिओड आणि गोबे या संशोधकांनी चांगल्या खेळाडूंना एक स्थिती दिली. त्यात घोड्याने राजाला कोंडून पाच चालींत होणारी, सगळ्यांना पाठ असलेली मात होती, आणि फारशी ओळखीची नसलेली तीन चालींची मातही होती. अनेकांना ओळखीची सापडली आणि छोटी निसटली. ‘आम्ही आणखी चांगली वाट शोधतोय’ असं ते सांगत होते, पण नजरेची नोंद काढली तर डोळे पहिल्या उत्तराच्याच घरांवर परत परत जात होते. ओळखीची वाट बंद केलेल्या स्थितीत मात्र तशाच तयारीच्या खेळाडूंना छोटी मात दिसली.

तुझं ई६ चं प्यादं मला याच जातीचं वाटतं. म्हणून सुचलेली चाल टाकू नकोस, पण ती खेळण्याआधी एकच विचार: मी ओळखतो त्या चित्रापेक्षा इथे काय वेगळं आहे?

जाळ्याजवळ
मी बॅडमिंटन शिकवते. आमच्याकडे विचाराला वेळच नसतो, तरी गोष्ट तीच. माझी एक विद्यार्थिनी समोरच्या मुलीचा क्रॉस स्मॅश, म्हणजे तिरका जोरदार फटका, आधीच ओळखून डावीकडे सरकायची. पहिला गेम त्यावरच जिंकला. दुसऱ्यात समोरची मुलगी रॅकेट वर नेऊन क्षणभर थांबायला लागली, हिचा पाय हलला की सरळ ड्रॉप, म्हणजे जाळ्यालगत हलकेच पडणारा फटका, टाकायची. हिला वाटत होतं आपणच हळू झालोय, म्हणून ही आणखी लवकर निघायची आणि आणखी फसायची.

अकरा गुणांना साठ सेकंदांचा विसावा मिळतो. तेवढ्यात मी तिच्या चुका काढल्या नाहीत. ‘ती आता काय नवीन करतेय?’ एवढंच विचारलं. तिने पाणी पिता पिता स्वतःच सांगितलं, ‘ती थांबतेय.’ पुढे हीसुद्धा थांबायला लागली. तो गेम गेला, पण तिसरा तिने घेतला. चूक शोधायला बसलं की मन स्वतःभोवती फिरतं, बदल शोधायला लावलं की नजर समोर जाते. मुलांना घडवताना मला यापेक्षा उपयोगाचं काही सापडलेलं नाही.

मोजूनमापून
दोघांचंही पटतं, फक्त प्रत्येक चालीला हे करत बसलास तर घड्याळातला वेळ संपून डाव जाईल. मी थांबतो ते मोहरा बळी देताना, कारण तो परत येत नाही, आणि समोरच्याच्या चालीने दचकलो तर. दचकणं म्हणजे माझं चित्र आणि पट यांत फरक पडलाय. बाकी चाली हाताला खेळू दे. आणि सुचलेली चाल खरी ठरली की खोटी, हे डावानंतर त्याच दिवशी तपास. तपासाशिवाय साठा चुकीचाच भरत जातो.

अडीचघर
तिघांचे मनापासून आभार. काल सरावाचे आठ डाव खेळलो आणि प्रत्येक बळीआधी दोन्ही हात मांड्यांखाली ठेवले. सहाव्या डावात पुन्हा तीच एच७ ची रचना आली. या वेळी आधी सी८ च्या उंटाकडे पाहिलं, मग ई६ कडे. प्यादं होतं. त्याचा दुसरा घोडा डी७ वर नव्हता, म्हणजे एफ८ वर येऊन एच७ राखणारही कोणी नव्हतं. वीस सेकंद लागले. उंट दिला.