थाई चिकन साते घरी कसं करायचं?

बँकॉकला रस्त्यावर कोळशावर भाजलेलं साते (काडीला लावलेल्या चिकनच्या पट्ट्या) खाल्लं तेव्हापासून तेच डोक्यात आहे, घरी केलं तर पार कोरडं झालं आणि काड्यापण जळल्या, काय चुकलं असेल?

– ब्रेस्ट घेतलंत का? बोनलेस थाय (मांडीचं मांस) घ्या, लांब पातळ पट्ट्या कापा आणि हळद, धणे-जिरे, गवती चहाचा खालचा पांढरा दांडा ठेचून, फिश सॉस, थोडा गूळ, नारळाचं घट्ट दूध यात २ तास तरी मुरू द्या. काड्या ३० मिनिटं पाण्यात भिजवायच्या.

– भाजतानाही वरून नारळाचं दूध लावत राहा!! तिकडे तसंच करतात. कोळसा नसेल तर बिडाचा तवा, कडकडीत तापवून.

– शेंगदाण्याच्या सॉससोबत व्हिनेगरमधली काकडी-कांदा हवीच हं.

– ब्रेस्टच होतं! रविवारी परत करते, थँक्यू सगळ्यांना.